अध्यापक प्रशिक्षणात समस्याधारित प्रसंग कसा घ्यावा: सोलापुरातील नव्या सुलभकांसाठी मार्गदर्शन

बी.एड्. किंवा डी.एल.एड्.च्या वर्गावर नुकतेच रुजू झालेले अध्यापकाचार्य आणि केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत सुलभक, म्हणजे गटाला स्वतः शिकायला मदत करणारे, म्हणून उभे राहणारे शिक्षक यांना समस्याधारित अध्ययनाचा (आधी समस्या, मग तिच्यासाठी लागेल तो अभ्यास) प्रसंग पहिल्यांदा घ्यायचा असेल, तर तो कसा लिहावा, गटासमोर कसा ठेवावा आणि त्याचे मूल्यमापन कसे करावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील शाळांच्या परिस्थितीवर बेतलेली आहेत. त्यांतील मुले आणि शाळा मात्र कल्पित आहेत.

या पद्धतीची सुरुवात शिक्षक प्रशिक्षणात झालेली नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने 1969 साली आपली पहिली तुकडी या पद्धतीने शिकवायला घेतली. आधी दोन-तीन वर्षे शरीरशास्त्र आणि मग रुग्ण, हा क्रम तेथे उलटवण्यात आला: आधी रुग्णाची तक्रार, आणि ती समजून घेण्यासाठी लागेल ते शरीरशास्त्र. पुढे नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाने गटचर्चेला सात पायऱ्यांची शिस्त दिली आणि त्या पायऱ्या आजही जगभर वापरल्या जातात. आपल्याकडील शिक्षक प्रशिक्षणात क्रम अजूनही बहुधा जुनाच असतो. पहिल्या सत्रात अध्ययनाच्या उपपत्ती, मग सूक्ष्म अध्यापन, मग सराव पाठ, आणि सरतेशेवटी आंतरवासितेत, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावात, खरे मूल. त्यामुळे मूल समोर येते, तेव्हा उपपत्ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत राहून गेलेली असते.

पहिली पायरी: काय करायचे नाही, ते ठरवणे

प्रकल्प, नाट्यीकरण आणि घटना-अभ्यास या तिन्हींशी समस्याधारित प्रसंगाची गल्लत होते. प्रकल्पाच्या शेवटी काहीतरी तयार करून दाखवायचे असते. घटना-अभ्यासात बहुधा सर्व माहिती एकाच वेळी दिलेली असते आणि आधी शिकवलेले तत्त्व तिला लावून पाहायचे असते. समस्याधारित प्रसंगात माहिती अपुरी असते, तत्त्व अजून शिकवलेले नसते, आणि आपल्याला नेमके काय माहीत नाही हे शोधणे हाच अभ्यासाचा पहिला भाग असतो. तुम्ही सोमवारी भाषा-अध्ययनाचे प्रकरण शिकवून मंगळवारी त्यावरचा प्रसंग दिलात, तर तो चांगला स्वाध्याय होईल, समस्याधारित अध्ययन होणार नाही.

मुलांना मोकळे सोडले की ती आपोआप शिकतात, असा या पद्धतीचा अर्थ कोणी लावू नये. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 साली लिहिलेल्या लेखात नेमका हाच आक्षेप घेतला होता की, नवशिक्यांना पुरेसे मार्गदर्शन न देता शोधायला लावले, तर त्यांच्या आकलनशक्तीवर फाजील ताण येतो आणि शिकणे कमी होते. हा आक्षेप सुलभकाने गंभीरपणे घ्यावा. पुढच्या पायऱ्यांत जी बांधाबांध आहे, ती त्यासाठीच आहे.

दुसरी पायरी: समस्या कोठून घ्यावी

सर्वांत चांगला साठा आपल्याच छात्राध्यापकांच्या (शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांच्या) आंतरवासितेच्या नोंदवह्यांत असतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड्.मध्ये 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. त्या काळातील नोंदवह्या आपण सही करून परत देतो. त्याऐवजी त्या वाचाव्यात आणि 'आज मला काय करावे ते कळले नाही' अशा आशयाच्या जागांवर खूण करावी. एका तुकडीच्या वह्यांतून वर्षभर पुरतील एवढे प्रसंग निघतात.

सोलापूरची परिस्थिती या कामाला फार अनुकूल आहे, असे माझे मत आहे. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा घराघरांत बोलल्या जातात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील सीमेलगतच्या गावांत मूल घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की माळशिरस, माढा, पंढरपूर या पट्ट्यांत ऊसतोड मजुरांची मुले हंगामाच्या मध्यात वर्गात येतात आणि पट्टा पडला, म्हणजे गळीत संपले, की निघून जातात. पंढरपुरात आषाढीच्या आसपास वर्गाची हजेरी कोणत्या कारणांनी बदलते, हासुद्धा एक पूर्ण प्रसंग होऊ शकतो. यांतील कोणताही प्रश्न पाठ्यपुस्तकातील एका पानाने सुटत नाही, आणि प्रत्येकाच्या मुळाशी अभ्यासक्रमातील कोणता ना कोणता घटक आहे.

निवड करताना एकच कसोटी लावावी: या प्रसंगातील निर्णय वर्गशिक्षकाच्या हातातला आहे का? 'शाळेत शिक्षकांची पदे रिक्त आहेत' हा खरा प्रश्न आहे, पण त्यावर छात्राध्यापकांचा गट फक्त तक्रार करू शकतो. 'दोन इयत्ता एका खोलीत आहेत आणि उद्या भागाकार घ्यायचा आहे' यावर मात्र तो अभ्यास करू शकतो.

तिसरी पायरी: प्रसंग लिहिणे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. वाईट प्रसंग कसा असतो, ते आधी पाहू: 'इयत्ता तिसरीतील एक विद्यार्थिनी भाषेत मागे आहे. तिची मातृभाषा वेगळी आहे. तिच्यासाठी तुम्ही कोणत्या अध्यापन पद्धती वापराल?' येथे निदान लेखकानेच करून टाकले आहे. गटाने आता फक्त पद्धतींची यादी द्यायची आहे, आणि ती यादी मार्गदर्शक पुस्तकात तयार आहे.

त्याच विषयावरील प्रसंगाचा पहिला कागद असा लिहिता येईल:

'जुलैचा दुसरा आठवडा. शहराच्या पूर्व भागातील मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता तिसरी, पट 38. वर्गशिक्षिकेने तुम्हांला भाषेचा तास दिला आहे. एक मुलगी धडा खाडखाड वाचते, कोठेही अडत नाही. धड्याखालच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ती पुस्तकातली ओळ शोधून जशीच्या तशी लिहिते. "मग त्या मुलाला राग का आला असेल?" असे तुम्ही विचारता, तेव्हा ती खाली बघते. शेजारची मैत्रीण तिच्या कानात तेलुगूत काहीतरी सांगते. ती हसते, पण बोलत नाही. गणिताच्या तासाला पंचवीसच्या टप्प्याने मोजायला सांगितल्यावर ती वर्गात सर्वांत आधी हजारापर्यंत पोहोचते. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका म्हणतात, "तिला वाचता येतं हो. वाचनात ती पुढच्या गटात आहे. तुम्ही मागच्या मुलांकडे लक्ष द्या." सोमवारी याच वर्गावर पुन्हा तुमचा भाषेचा तास आहे.'

हा कागद लिहिताना पाळलेली पथ्ये सांगतो. मुलीविषयी एकही विशेषण वापरलेले नाही; जे दिसले आणि ऐकू आले तेवढेच आहे. एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: वाचन अस्खलित आणि अर्थाच्या प्रश्नावर मौन, भाषेत गप्प आणि मोजण्यात पुढे. अनुभवी व्यक्तीचे मत दिले आहे, ते पूर्ण चुकीचेही नाही आणि पुरेसेही नाही. शेवटी एक ठरलेली वेळ आहे, त्यामुळे चर्चा कधीतरी निर्णयापाशी यावीच लागते. लांबी दीडशे शब्दांच्या आत ठेवावी. याहून लांब कागद दिला की गट तो उताऱ्यासारखा वाचतो आणि उत्तर त्यातच शोधतो.

खऱ्या मुलाचे नाव, शाळेचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील कधीही ठेवू नये. सोलापूर मोठे शहर असले, तरी शिक्षकांचे जग लहान आहे. इयत्ता, वस्ती आणि एखादी सवय बदलली तरी समस्येचा गाभा टिकतो.

चौथी पायरी: माहिती टप्प्याटप्प्याने देणे

प्रसंगाचा दुसरा कागद आधीच लिहून ठेवावा आणि गटाने तो मागेपर्यंत बाहेर काढू नये. वरील प्रसंगात दुसऱ्या कागदावर एवढे असेल: मुलीची आई आणि आजी घरी विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांवर मिळते, मुलगी संध्याकाळी पंचवीस-पंचवीस विड्यांची बंडले मोजून लावायला बसते, आजीला फक्त तेलुगू येते, मैत्रिणीला तीच गोष्ट सांगताना मुलगी हातवारे करत, आवाज बदलत सांगते, आणि आई म्हणते, 'घरी तेलुगू आहेच. शाळेत मराठीच बोला तिच्याशी, मराठी आली तर पुढं नोकरी लागंल.'

आता पंचवीसच्या टप्प्याचे कोडे उलगडते, पण एक अवघड प्रश्न उभा राहतो. मुलीचे गणित ज्या कामातून पक्के झाले, त्या कामाकडे शिक्षकाने कसे पाहायचे? 2016 साली दुरुस्त झालेला बालकामगार कायदा घरच्या कामाविषयी काय म्हणतो? आईची इच्छा आणि मुलीची गरज यांत विरोध आहे, की तो फक्त वरवरचा आहे? पहिल्या कागदावरून जी सोपी उत्तरे तयार झाली होती, ती येथे अडखळली पाहिजेत. अडखळत नसतील, तर दुसरा कागद पुन्हा लिहावा.

पाचवी पायरी: गट आणि पहिली बैठक

सहा ते आठ जणांचा गट ठेवावा. प्रत्येक गटात एक चर्चा चालवणारा आणि एक फळ्यावर लिहिणारा असावा, आणि पुढच्या प्रसंगाला ही कामे बदलावीत. बी.एड्.चे एक एकक 50 छात्राध्यापकांचे असते, म्हणजे सात गट होतात आणि सुलभक बहुधा एकटाच असतो. वैद्यकीय महाविद्यालयांसारखा प्रत्येक गटाला वेगळा सुलभक मिळणार नाही, हे गृहीत धरूनच आखणी करावी. त्यासाठी प्रत्येक गटाने एका मोठ्या कागदावर चार रकाने आखावेत: काय माहीत आहे, काय वाटते, काय शिकायला हवे, आणि ते कोठे मिळेल. सुलभक फिरताना बोलणे ऐकण्याआधी हा कागद वाचतो आणि गट कोठे आहे ते त्याला लगेच कळते.

मास्ट्रिख्टच्या सात पायऱ्यांपैकी पहिल्या पाच या बैठकीत होतात: न समजलेले शब्द स्पष्ट करणे, समस्या एका वाक्यात मांडणे, संभाव्य कारणे सुचवणे, त्या कारणांची जुळणी करणे, आणि अभ्यासाचे प्रश्न ठरवणे. सहावी पायरी स्वतंत्र अभ्यासाची आणि सातवी दुसऱ्या बैठकीतील मांडणीची. पहिल्या बैठकीला सलग दीड तास हवा. वेळापत्रकात सलग दोन तासिका मिळवण्यासाठी प्राचार्यांशी सत्राच्या आधीच बोलून घ्यावे. ऐनवेळी तासिका मागितली तर ती मिळत नाही.

पहिल्या रकान्याची शिस्त सर्वांत कठीण जाते. बैठक सुरू होऊन पाच मिनिटे होत नाहीत, तोच कोणीतरी म्हणते, 'तिला मराठी येत नाही.' सुलभकाने येथे विचारावे, 'हे कागदावरील कोणत्या वाक्यावरून कळले?' गट शोधतो, आणि तसे वाक्य सापडत नाही. ते विधान मग दुसऱ्या रकान्यात जाते. त्याच्या शेजारी हळूहळू इतर शक्यता येऊ लागतात: ती लाजत असेल; चुकल्यावर हसतील अशी भीती असेल; 'का' या प्रकारच्या प्रश्नाची तिला सवयच नसेल; तिला रोजच्या बोलण्यातले मराठी येत असेल, पण धड्यातले मराठी येत नसेल. ही शेवटची शक्यता गटाने स्वतः मांडली, तर तो एका महत्त्वाच्या संकल्पनेच्या दारात उभा आहे. संवादाची भाषा आणि शालेय आशयाची भाषा यांत जिम कमिन्स यांनी 1979 साली केलेला फरक तोच आहे. पण ते नाव सुलभकाने आत्ता घेऊ नये. 'धड्यातले मराठी वेगळे असते का?' हा प्रश्न तिसऱ्या रकान्यात गटाच्याच शब्दांत लिहिला जाऊ द्यावा.

दुसरी नेहमीची घाई उपायांची असते. 'चित्रे दाखवू', 'कृतिगीत घेऊ', 'पालकांचे समुपदेशन करू' अशी वाक्ये येतात. ती खोडू नयेत. कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावीत आणि दुसऱ्या बैठकीत पुन्हा काढावीत. गटाला तेव्हा त्यांतली बरीचशी स्वतःच नको वाटतात.

आपल्या वर्गात तेलुगू घरातील एखादी छात्राध्यापिका असणारच. तिचे अनुभवज्ञान मोलाचे आहे, आणि ती बोलली तर गटाने ते पुरावा म्हणून ऐकावे. परंतु 'तुमच्यात असे असते का?' असा प्रश्न तिला कोणी विचारू नये, आणि विचारला तर सुलभकाने तो तेथेच थांबवावा. तिला सगळ्या समाजाची प्रवक्ती करण्याचा अधिकार गटाला नाही.

सहावी पायरी: स्वतंत्र अभ्यास

दोन बैठकांत चार ते सात दिवसांचे अंतर असावे. गट बहुधा प्रश्न वाटून घेतात आणि प्रत्येक जण आपल्यापुरता एक प्रश्न वाचून येतो, त्यामुळे दुसरी बैठक निबंधवाचनाची सभा होते. म्हणून प्रत्येक प्रश्न किमान दोघांनी वाचावा आणि एक मध्यवर्ती प्रश्न सर्वांनी वाचावा, असा नियम करावा.

स्रोतांची दिशा सुलभकाने द्यावी, पान दाखवू नये. या प्रसंगासाठी शिक्षण हक्क कायदा 2009 मधील कलम 29 पाहायला सांगता येते. शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे त्यात म्हटले आहे. संविधानातील अनुच्छेद 350-अ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधील घरच्या भाषेविषयीचा भाग हेही उपयोगी आहेत. तिसरीचे मराठीचे पाठ्यपुस्तक हा स्रोत सर्वजण विसरतात. त्यातील एक धडा घेऊन त्यातले किती शब्द घरगुती बोलण्यात येत नाहीत, हे मोजायला सांगावे. या एका कृतीतून पुस्तकी वाचनापेक्षा अधिक हाती लागते. शाळेत जाऊन निरीक्षण करायचे असेल, तर मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यावी आणि कोणत्याही मुलाचे चित्रीकरण करू नये.

आपल्या जिल्ह्यात शोधण्यासारखी उदाहरणेही आहेत. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे ते ओळखले जातात. 'आपण क्यूआर कोड लावू' एवढ्यावर गट थांबला, तर त्याला विचारावे की, आपल्या प्रसंगातील मुलीला त्या कोडमागे नेमके काय ऐकायला मिळाले पाहिजे, आणि कोणत्या भाषेत.

सातवी पायरी: दुसरी बैठक आणि निर्णय

सुरुवातीला प्रत्येकाने पुस्तक न उघडता, आपण काय शिकलो ते पहिल्या कागदातील मुलीला लावून सांगावे. 'कमिन्स म्हणतात' अशी सुरुवात झाली की चर्चा चालवणाऱ्याने 'म्हणजे आपल्या वर्गात काय?' असे विचारावे. त्यानंतर गटाने सोमवारच्या तासाचे टाचण लिहावे. ते एका पानाचेच असावे, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: पहिली दहा मिनिटे काय करणार, त्यावरून मुलीविषयीचा आपला कोणता अंदाज तपासला जाईल, आणि तो चुकीचा ठरला तर पुढे काय.

एका चांगल्या टाचणात पुढील विचार येऊ शकतो. मुलीने मैत्रिणीला गोष्ट तेलुगूत सांगावी, मैत्रिणीने ती वर्गाला मराठीत सांगावी, आणि मधल्या ज्या शब्दाला दोघी अडतील तो फळ्यावर यावा. तेलुगूत ती कारण सांगू शकली, तर आकलन आहे आणि अडचण धड्याच्या भाषेची आहे. तेलुगूतही सांगू शकली नाही, तर प्रश्न वेगळा आहे. वर्गशिक्षिकेशी काय आणि कसे बोलायचे, हेही टाचणात यावे. आंतरवासितेतील छात्राध्यापकाने ज्येष्ठ शिक्षिकेचे मत खोडून काढण्याचा आव आणू नये.

सुलभकाने कसे वागावे

नव्या सुलभकाला सर्वांत जड जाते ते गप्प बसणे. गट चुकीच्या दिशेने निघाला, तरी चूक गटालाच दिसण्याइतका वेळ द्यावा. मात्र ती चूक कायद्याविषयी किंवा मुलाच्या सुरक्षिततेविषयी असेल, तर तेथे गप्प बसू नये. उदाहरणार्थ, 'तिला वर्गासमोर उभे करून बोलायला लावू, म्हणजे भीती जाईल' असा उपाय आला, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मानसिक छळालाही मनाई करते, हे सरळ सांगावे आणि पुढे जावे. इतर वेळी 'तुम्हांला कसे कळले?', 'याच्या उलट काय असू शकेल?' आणि 'हे तपासायचे कसे?' एवढे तीन प्रश्न पुरतात. छात्राध्यापक हमखास विचारतात, 'सर, बरोबर उत्तर कोणते?' त्या वेळी दुसऱ्या गटाचे टाचण त्यांच्या हाती द्यावे आणि दोहोंतील फरक लिहायला सांगावा.

मूल्यमापन

गटाला एकच गुण दिला, तर दोघे काम करतात आणि सहा जण सही करतात. म्हणून गटाच्या टाचणाला थोडे गुण ठेवून उरलेले वैयक्तिक लेखनाला द्यावेत. दुसऱ्या बैठकीनंतर प्रत्येकाला त्याच विषयावरचा, पण वेगळ्या परिस्थितीतील नवा पहिला कागद द्यावा, उदाहरणार्थ अक्कलकोट तालुक्यातील कन्नड बोलणारा मुलगा, आणि अर्ध्या तासात चारही रकाने भरायला सांगावेत. माहिती आणि अंदाज वेगळे ठेवले का, प्रश्न शोधण्याजोगे आहेत का, आणि निर्णय 38 मुलांच्या वर्गात करता येण्याजोगा आहे का, हे तपासावे. सुंदर अक्षर आणि लांबी यांना गुण नसावेत, हे आधीच जाहीर करावे.

शिक्षण परिषदेसाठी बदल

केंद्राच्या परिषदेत सेवेतील शिक्षकांना दोन बैठका देता येत नाहीत. तेथे पहिला कागद परिषदेच्या काही दिवस आधी केंद्रप्रमुखांमार्फत पाठवावा आणि प्रत्येकाने 'काय माहीत आहे' आणि 'काय वाटते' हे दोन रकाने भरून आणावेत. परिषदेत दुसरा कागद द्यावा, मधल्या तासात स्रोत वाचायला द्यावेत आणि शेवटी टाचण लिहून घ्यावे. अनुभवी शिक्षक 'आमच्याकडे असे मूल आहे' म्हणून खरी नावे घेऊ लागतात. ती घेऊ नयेत अशी विनंती सुरुवातीलाच करावी. त्यांचे स्वतःचे प्रसंग कोऱ्या कागदावर, नावाशिवाय, जाण्यापूर्वी लिहून घ्यावेत. पुढच्या परिषदेचा पहिला कागद त्यांतूनच निवडावा, आणि त्यातील इयत्ता, वस्ती व ओळख पटेल असा तपशील बदलूनच तो पाठवावा.